आधी वाळे, मग पायताण

नरसोबाच्या वाडीला गाभाऱ्यात मूर्ती नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, औदुंबराच्या सावलीत नृसिंह सरस्वतींच्या मनोहर पादुका आहेत आणि शिरोळ तालुक्याची सारी भक्ती त्या दोन पावलांशी एकवटलेली आहे. पावसाळ्यात कृष्णा चढली की पाणी मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. या दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला माणसं रात्री-अपरात्री धावत येतात. चपला वर काढून घाटाच्या पायऱ्या उतरणाऱ्या त्या गर्दीत कडेवरची पोरंही असतात. त्यांतलं एखादं नुकतंच पाऊल टाकायला लागलेलं असतं. पायांत चांदीचे वाळे, तळवे मात्र उघडे.

ज्या कोल्हापूर जिल्ह्याचं नाव चपलेमुळं साता समुद्रापार गेलं, त्याच जिल्ह्यात चालायला शिकणाऱ्या मुलाच्या पायांत पिढ्यान्‌पिढ्या पायताण नव्हतं. गरिबी हे त्याचं एक कारण होतंच, पण एकमेव नव्हे. खाऊनपिऊन सुखी घरांतही मुलाला आधी वाळे घातले जात, पायताण कधीतरी पुढं. हा क्रम कसा ठरला, कोणी ठरवला आणि कधी उलटा झाला, याचा इतिहास लिहून ठेवलेला फारसा सापडत नाही. तो शोधावा लागतो गावातल्या तीन कारागिरांच्या कामात. सुतार, सोनार आणि चर्मकार.

आधी शब्दांकडं पाहू. पायताण म्हणजे पादत्राण, पायाचं रक्षण करणारं. वहाण हा शब्द संस्कृतातल्या ‘उपानह्’वरून आला. जोडा म्हणजे नुसती जोडी. यांतला एकही शब्द चालण्याशी बांधलेला नाही. काट्यापासून, तापलेल्या मातीपासून, विंचवा-किरड्यापासून पाय वाचवणं, एवढंच काम मराठी माणसानं पायताणाला दिलं होतं. चालायला शिकवण्याचं काम त्याच्याकडं कधीच नव्हतं.

ते काम सुताराचं. तीन चाकं, त्यांवर उभी चौकट आणि धरायला आडवी दांडी, असा लाकडी पांगुळगाडा गावचा सुतार करून देई. पांगुळ म्हणजे ज्याला चालता येत नाही तो; त्याचा गाडा तो पांगुळगाडा. मूल दांडी धरून उभं राहतं, ढकलतं, गाडा पुढं सरकतो आणि त्याच्यामागं पाऊल टाकावंच लागतं. शरीराचा भार मुलाच्या स्वतःच्या पायांवर राहतो, बोटं जमीन धरतात, तोल गेला तर मूल बुडावर आपटतं आणि पुन्हा उठतं. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या बाजारात आजही रंगवलेले पांगुळगाडे मिळतात. आता घरोघर दिसणारा, मधोमध मूल बसवायचा प्लॅस्टिकचा वॉकर ही निराळी वस्तू आहे. त्यात मूल लोंबकळतं, बोटांच्या टोकांनी जमीन ढकलतं आणि वेगानं जिन्यापर्यंत पोचतं. अशा वॉकरवर कॅनडानं २००४ मध्ये बंदी घातली. पांगुळगाड्याला कुठल्या डॉक्टरांच्या संघटनेनं प्रमाणपत्र दिलं नव्हतं, पण गाड्याच्या मागं उभं राहायचं, आत बसायचं नाही, ही त्यातली मेख गावच्या सुताराला नेमकी कळली होती.

सुतारानंतर सोनार. शिरोळच्या शेजारी, हातकणंगले तालुक्यात हुपरी हे गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथं चांदीकाम वाढत गेलं आणि हुपरीचे पैंजण देशभर जाऊ लागले. त्याहून कितीतरी जुनी चाल म्हणजे बाळंतविड्यातले वाळे. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, खेळणी आणि चांदीचे वाळे, हा बाळंतविडा आजोळकडून येई. त्यात जोडा नसे. पुढं लोकरीचं विणकाम घरोघर पोचलं तेव्हा विणलेले मोजे आणि लोकरीचे बूट त्यात आले, पण ते थंडीसाठी, पाळण्यातल्या बाळासाठी.

वाळ्यांना घुंगरू लावण्यामागं नटवण्याइतकीच सोय होती. आई परसात भांडी घासत असो की चुलीपुढं भाकरी थापत असो, घुंगरांच्या आवाजावरून मूल कुठं आहे ते तिला कळे. आवाज थांबला की ती उठे. आड, गोठा, चूल, पेटलेली शेगडी, सगळंच हाताच्या अंतरावर असलेल्या घरात तो आवाज म्हणजे राखणदारच. शिवाय मुलालाही गंमत. पाऊल टाकलं की वाजतं, म्हणून आणखी एक टाकायचं. आज जयसिंगपूरच्या पेठेत किंवा कुठल्याही जत्रेत चीं-चीं वाजणारे, टाचेत दिवा पेटणारे चिमुकले बूट टांगलेले दिसतात. त्यांची कल्पना परकी वाटली तरी ओढ जुनीच आहे. मोठ्यांचंही तेच. चालताना करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल लोक मुद्दाम करून घेत. माणूस येण्याआधी त्याची चप्पल आल्याची वर्दी देई.

अमेरिकेत १९३० च्या दशकापासून बाळाच्या पहिल्या बुटांवर धातूचा मुलामा चढवून ते दिवाणखान्यात मांडून ठेवण्याची रीत पसरली. मराठी घरात आठवण म्हणून कपाटात राहिले ते वाळे. कातड्याची वस्तू देवाच्या खोलीजवळ नको, ही समजूत त्यामागं होती. चांदी मात्र धुऊन, उजळून पुढच्या बाळाच्या पायांत जाई. एकाच वाळ्यांवर घरातली चार-पाच मुलं चालायला शिकली, हे सांगणाऱ्या आज्या या भागात अजून भेटतील.

आता तिसरा कारागीर. त्याच्याकडं जरा थांबायला हवं, कारण या मुलखाचं मोठं कौतुक आणि मोठं पाप, दोन्ही त्याच्या ओट्यावर आहेत.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली निघालं. जुन्या गावाची बलुतेदारी समजून घ्यायला आजही ते उघडावं लागतं. चांभार हा बलुतेदार. कुणब्याच्या घरची पायताणं करणं, सांधणं हे त्याचं काम, आणि त्याबद्दल सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा. पण त्याचं खरं अडणारं काम दुसरंच होतं. विहिरीवरची मोट कातड्याची असे. ती फाटली की पाणी थांबे, पाणी थांबलं की पीक वाळे. मोट, नाडे, चाबकाच्या वाद्या, बैलांचं सामान, मग मोठ्या माणसांची पायताणं, असा तो क्रम. चार महिन्यांत आखूड होणाऱ्या, वितीच्या आत मावणाऱ्या पोराच्या जोड्याची पाळी सगळ्यांत शेवटी येई. सणावाराला, जत्रेला, नाहीतर घरात कोणी हौशी असेल तर.

मोट गेली ती लोखंडी पंपामुळं. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत आधी लोखंडी नांगर आणि पुढं पंप तयार झाले. कृष्णेच्या काठाकाठानं इंजिनं धडधडू लागली, मग उपसा सिंचन आलं, ऊस आला. शिरोळची काळी जमीन पाण्यानं भरून गेली, इतकी की पुढं तालुक्यातली मोठी जमीन क्षारपड झाली. या बदलात चर्मकाराचं मोटेचं काम संपलं. धान्याच्या वाट्याऐवजी रोख पैशानं विकायची वस्तू त्याच्या हातात उरली, ती चप्पल.

त्या चपलेची घडण एकदा नीट पाहिली पाहिजे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं कमावतात. जुन्या रीतीत कातडं पिशवीसारखं शिवून, त्यात सालीचं पाणी भरून ते टांगत, म्हणजे पाणी झिरपत झिरपत कातडं आतपर्यंत कमावलं जाई. हे काम ढोर समाजाचं. मग चर्मकार रापीनं तळ कापतो, आरीनं भोकं पाडतो आणि कातड्याच्याच वादीनं शिवतो. खिळा नाही. वेणी गुंफणं, पट्ट्यावरची नाजूक शिलाई ही कामं बहुतेक घरांतल्या बायका करतात. चपलेवर नाव मात्र कधी त्यांचं आलं नाही. कापशी, पायटाण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी अशी जुन्या घाटांची नावं आहेत. १९२० च्या सुमारास कोल्हापूरच्या सौदागर घराण्यानं दोन्ही बाजूंना कान असलेली, पातळ, हलकी चप्पल घडवली आणि ती मुंबईच्या बाजारात गेली, असं सांगतात. २०१८-१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानमधल्या सादरीकरणात कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला कोल्हापूरचं नाव न घेता मांडल्या. इकडून ओरड झाली, तेव्हा त्या भारतीय परंपरेतून घेतल्याचं कंपनीनं मान्य केलं.

ही सारी कीर्ती मोठ्यांच्या चपलेची. कापशी जातीचं जुनं पायताण जड, जाड तळाचं, शेतात आणि दगडगोट्यांत वापरायचं. अंगठ्यात अडकवून, बोटांनी दाबून धरावं लागणारं. वर्षाच्या पोराला हे जमणं शक्य नाही. त्याची टाच गोल आणि गुबगुबीत, पाऊल जवळजवळ चौकोनी, अंगठ्याला पकड नाही. चप्पल पहिल्या पावलालाच मागं राहते. म्हणूनच तान्ह्या मुलासाठी कोणी कोल्हापुरी केलीच तर टाचेमागून पट्टा घ्यावा लागे. आज दुकानांत बाळांच्या कोल्हापुरीला मागं इलॅस्टिकचा पट्टा असतो, तो त्याच अडचणीवरचा उपाय.

आणि पाप? ज्या हातांनी गावाला पायताण दिलं, त्यांच्या जातीच्या माणसांना ते पायांत घालून वरच्या म्हणवणाऱ्यांच्या वाड्यासमोरून जाण्याची मुभा नव्हती. पायताण काढून हातात घ्यायचं, पुढं जाऊन घालायचं. अशा घरातल्या मुलाला पायताण कधी घालावं हा हौसेचा प्रश्न नव्हताच. बाराव्या शतकात बसवकल्याणला हरळय्या आणि कल्याणम्मा या चर्मकार दांपत्यानं स्वतःच्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी जोडे केले आणि बसवण्णांनी ते पायांत न घालता मस्तकी धरले, ही कथा शिरोळच्या सीमाभागातल्या लिंगायत घरांत आजही सांगतात. कातड्याच्या जोड्याला एवढा मान देणारी कथा जिथं घरोघरी माहीत, तिथंच माणसाच्या पायांतला जोडा शेकडो वर्षं काढायला लावला गेला.

राजर्षी शाहूंच्या कारकिर्दीत ही पकड सैल व्हायला लागली. २६ जुलै १९०२ चा निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम, १९१७ चा सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, १९१९ चे सार्वजनिक ठिकाणी शिवाशीव पाळू नये असे हुकूम, आणि मार्च १९२० मध्ये शेजारच्या माणगावात झालेली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष असलेली परिषद. हा इतिहास मुलांच्या जोड्यांचा म्हणून कोणी वाचत नाही. पण शाळेच्या दारात रांगेनं काढून ठेवलेली, सगळ्या जातींच्या पोरांची पायताणं हे दृश्य त्यामुळंच शक्य झालं. शाहूंनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं. सरळ रस्त्यांची, चौकांची ती पेठ तालुक्याचा बाजार झाली. बुटांची दुकानं आली ती तिथं.

बाटा कंपनी भारतात आली १९३१ साली, कोलकात्याजवळ. कारखान्यात घडवलेला, खोक्यात ठेवलेला, नंबर छापलेला बूट हळूहळू रेल्वेनं लहान गावांपर्यंत पोचला. आधी शाळेतल्या मुलांचे कॅनव्हासचे, मग पावसाळ्यातले प्लॅस्टिकचे, आणि शेवटी वर्षाच्या बाळाचे. चर्मकार पाऊल कागदावर किंवा कातड्यावर ठेवायला लावून भोवती रेघ ओढत असे. आता पायाला नंबर आला. इंग्रजी मापातला एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, जवाच्या एका दाण्याची लांबी. मुलांच्या मापाचा शून्य चार इंचांवर धरलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आठ यवांचं एक अंगुळ होतं. दोन्हीकडं माणसानं जवाच्याच दाण्यानं माप घेतलं, तिकडं लांबीनं आणि इकडं रुंदीनं. बाजारात टिकला तो मात्र तिकडचा दाणा.

त्या मापात एक खोट राहिली. ते युरोपातल्या पावलांवरून बेतलेलं होतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखावर लोकांच्या पावलांची मापं घेतली, तेव्हा भारतीय पाऊल तिकडच्यापेक्षा रुंद असल्याचं आकड्यांनी दिसलं. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. त्यात वर्षाच्या आतली बाळं आणि एक ते तीन वर्षांची मुलं यांचे गट वेगळे ठेवले आहेत. गावोगावच्या आज्या नव्या बुटाकडं पाहून जे म्हणत आल्या, ‘पोराचं पाऊल पसरट हाय, ह्यात आवळंल’, ते मोजून कागदावर यायला इतका काळ गेला.

बुटाबरोबर एक नवी समजूतही आली. कडक तळाचा, घोट्यावर येणारा, घट्ट बांधलेला बूट घातला की मुलाचा पाय सरळ वळतो आणि ते लवकर चालतं. ही समजूत पश्चिमेकडची, आणि तिकडं ती फार थराला गेली होती. १९२० च्या दशकापासून अमेरिका-युरोपातल्या बुटांच्या दुकानांत क्ष-किरणांची पेटी असे. मुलानं बूट घालून पाय आत सरकवायचा, वरून आईनं, दुकानदारानं वाकून बोटांची हाडं पाहायची. हौसेनं पुन्हा पुन्हा पाहायची. त्या किरणांचा धोका कळल्यावर १९५७ मध्ये पेन्सिल्वेनिया राज्यानं त्यावर बंदी घातली आणि मग बाकीच्या ठिकाणीही ती पेटी गेली. जोडा कुठं चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं, ही म्हण आपल्याकडं आहे. वर्षाच्या मुलाला ते सांगता येत नाही, आणि त्याचं पाऊल इतकं मऊ असतं की आखूड बुटात बोटं मुडपून बसतात, तरी ते रडतही नाही. क्ष-किरणांच्या पेटीमागची काळजी खरी होती. मार्ग चुकला.

बरोबर मार्गाचा मोठा पुरावा आपल्याच शेजारून, कर्नाटकातून आला. उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ या डॉक्टरांनी चार ते तेरा वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. त्यांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. पायताण वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. बंद बूट वापरणाऱ्यांत ते सर्वांत जास्त, चप्पल आणि सँडल वापरणाऱ्यांत त्याहून कमी. १९९५ मध्ये जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,८४६ प्रौढांचे ठसे पाहिले, तेव्हाही लहानपणी पायताण घालू लागलेल्यांत सपाट पावलं अधिक दिसली. जगभरचे बालपाऊलतज्ज्ञ आजही हे अभ्यास पुढं ठेवतात. शिरोळच्या मातीत अनवाणी चालायला शिकलेल्या पोरांना पिढ्यान्‌पिढ्या जे आपसूक मिळालं, तेच त्यात आहे.

यात आईबापांना धीर देणाऱ्याही दोन गोष्टी आहेत. बाळाचा तळवा सपाट दिसतो तो त्यातल्या चरबीच्या गादीमुळं. कमान हळूहळू, साधारण सहाव्या वर्षापर्यंत आकार घेते. आणि चालण्याला ठरलेला महिना नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये जे प्रसिद्ध केलं, त्यानुसार आधाराशिवाय चालणं ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कधीही येऊ शकतं. शेजारचं मूल अकराव्या महिन्यात पळतं म्हणून आपल्या मुलाला बूट घालून उभं करण्याचं कारण नाही.

एवढं कळल्यावर पहिल्या जोड्याची निवड अवघड राहत नाही. घरात, अंगणात, शेणानं सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर काहीच नको. मूल न धरता चालू लागलं आणि उंबऱ्याबाहेर निघालं की जोडा. तळ हातानं सहज वाकणारा, बोटांच्या बाजूला रुंद, टाचेला पट्टा किंवा बंद, वजनाला हलका. माप घेताना मुलाला उभं करावं, कारण भार पडला की पाऊल पसरतं. दोन्ही पावलं मोजावी आणि मोठ्याचं माप धरावं. पुढं अंगठ्यापाशी बोटभर जागा हवी. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. बाभळीच्या सालीनं कमावलेल्या मऊ कातड्याचा, खिळा नसलेला, मागं पट्टा असलेला जोडा या सगळ्यात बसतो. तो करायचं कसब अजून या जिल्ह्यात हयात आहे. २०१५ च्या कायद्यानं बैलाचं कातडं मिळणं अवघड झालं, कमावण्याचं काम करणारी घरं कमी होत चालली, तरीही. बाळांच्या जोड्यांचं स्वतंत्र माप, स्वतंत्र साचे करून हे काम चर्मोद्योग महामंडळानं हाती घ्यावं. मिलानच्या मंचापेक्षा ते जवळचं आहे आणि जास्त गरजेचंही.

मात्र अनवाणी पायाचं कौतुक करताना शिरोळची जमीन विसरून चालणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरानं हा तालुका बुडाला. ऑगस्ट २०१९ मध्ये गावंच्या गावं छावण्यांत गेली. पाणी ओसरल्यावर घरात जो चिखल राहतो, त्यात फुटक्या काचा, पत्रे, मेलेली जनावरं असतात. जखमेतून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार शिरतो. अशा वेळी पायताण शब्द आपल्या मूळ अर्थावर येतो.

दरवर्षी न चुकता ही गरज दाखवणारी दुसरी एक जागा आहे, उसाचा फड. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून, जतकडून, विजापूरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. शिरोळच्या दत्त कारखान्यापासून टाकळीवाडीपर्यंत माळांवर पाचटाच्या खोपी उभ्या राहतात. पहाटे आई-बाप कोयता घेऊन फडात उतरतात आणि तान्हं मूल बांधावर, पाचटावर, गाडीच्या सावलीत असतं. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे पुष्कळ मुलांचं पहिलं पाऊल या फडातच पडतं. उसाचा कोयत्यानं तिरपा तुटलेला बुडखा सुरीसारखा धारदार असतो, पाचटाची पात कापते, खाली काय आहे ते दिसत नाही. २,३०० मुलांच्या ठशांचा निष्कर्ष या जमिनीला लागू नाही. इथल्या मुलाला पहिल्या दिवसापासून जोडा हवा, जाड नसला तरी चिवट तळाचा.

तेव्हा तालुक्यातल्या वाचकांना एक विनंती. या हंगामात घरच्या बाळासाठी जयसिंगपुरात किंवा कुरुंदवाडात जोडा घ्यायला निघाल, तेव्हा आधी जवळच्या खोपीवर जाऊन या. तिथल्या एखाद्या मुलाला कागदावर उभं करा, पेन्सिलीनं पावलाभोवती रेघ ओढा, आणि तो कागदही दुकानात घेऊन जा.